देवचाराला बिगफूट करू नका. ठसा दिसला तर आधी मोजा

प्रति,
संपादक,
स. न. वि. वि.

पाऊस ओसरला, भातकापणी झाली आणि कुणग्यातला, म्हणजे भातखाचरातला, चिखल अर्धवट सुकू लागला की कोकणात एक बातमी हटकून उगवते. अमुक गावच्या मळ्यात महाकाय मानवसदृश प्राण्याच्या पाऊलखुणा! सोबत फोटो. फोटोत चिखल, चिखलात एक खड्डा आणि खड्ड्याशेजारी कुणाची तरी चप्पल. चप्पल किती नंबरची ते कुणी लिहीत नाही. दुसऱ्या दिवशी तोच फोटो ‘कोकणात बिगफूट’ या नावाने दापोलीपासून दोडामार्गापर्यंत मोबाइलवर फिरतो. तिसऱ्या दिवशी गावातल्या कुण्या वयस्कर माणसाच्या तोंडी ‘ह्यो देवचारच’ असं वाक्य घातलं जातं आणि बातमी पूर्ण होते.

या तीन दिवसांत दोन गोष्टी हातच्या जातात. ठसा तुडवला जातो, त्यामुळे तो कुणाचा होता हे सांगण्याची सोय राहत नाही. आणि देवचाराची, म्हणजे गावच्या शिवेच्या राखणदाराची, जी पक्की, गावागणिक वेगळी अशी माहिती आहे, तिच्यात अमेरिकेतला केसाळ वानर घुसतो. दोन्ही नुकसानं टाळता येण्यासारखी आहेत, म्हणून हे लांबलचक पत्र.

आधी नावाचं बघू. बिगफूट हा शब्द मुळात रस्त्याच्या कामावरच्या माणसांचा. तो जगभर नेला वर्तमानपत्राने. १९५८ साली उत्तर कॅलिफोर्नियात ब्लफ क्रीक नावाच्या ओढ्याच्या परिसरात जंगलातून रस्ता काढणं चाललं होतं. तिथे बुलडोझर चालवणाऱ्या जेरी क्रू याला यंत्राभोवती १६ इंच लांबीचे ठसे दिसले. त्याने प्लास्टरचा साचा घेतला. साचा हातात धरलेला त्याचा फोटो ऑक्टोबरमध्ये ‘हम्बोल्ट टाइम्स’ या स्थानिक दैनिकात आला, अँड्र्यू जेन्झोली या तिथल्या स्तंभलेखकाने विषय लावून धरला आणि ‘बिगफूट’ देशभर पोचला. त्याच रस्त्याचा कंत्राटदार रे वॉलेस २००२ साली वारला, तेव्हा त्याच्या घरच्यांनी लाकडात कोरलेली पावलं बाहेर काढून दाखवली. तरीही नाव टिकलंच, कारण मधल्या काळात, १९६७ च्या ऑक्टोबरात, त्याच ब्लफ क्रीकवर पॅटरसन आणि गिमलिन या दोघांनी चालत जाणाऱ्या केसाळ आकृतीचं चित्रण केलं होतं आणि त्यावरचा वाद अजून चालू आहे.

हिमालयातला किस्सा तर आपल्याच देशातल्या वर्तमानपत्राचा. १९२१ च्या एव्हरेस्ट पाहणी मोहिमेत ल्हाक्पा ला या खिंडीपाशी बर्फात ठसे दिसले. मोहिमेचा प्रमुख हॉवर्ड-बरी याचं स्वतःचं मत होतं की ते लांडग्याचे असावेत. हमाल मात्र म्हणाले, मेतोह-कांगमी. कलकत्त्याच्या ‘स्टेट्समन’मध्ये लिहिणाऱ्या हेन्री न्यूमन याने ‘मेतोह’चा अर्थ गलिच्छ, किळसवाणा असा लावला आणि इंग्रजीत ‘अॅबॉमिनेबल स्नोमॅन’, म्हणजे आपण ज्याला यती म्हणतो तो, जन्माला आला. ‘मेतोह’ म्हणजे माणूस-अस्वल, असा अर्थ जाणकार लावतात. म्हणजे हमालांनी नावातच अस्वल सांगितलं होतं. छापताना तेवढंच गळलं.

कोकणातही नेमकं तेच गळतं आहे.

देवचार हा एक हुद्दा आहे. गावरहाटीत, म्हणजे गावातल्या देवांच्या आणि मानपानाच्या रूढ व्यवस्थेत, त्याची जागा ठरलेली असते. अमक्या शिवेचा, अमक्या पाणंदीचा, अमक्या व्हाळाच्या (ओढ्याच्या) कडेचा. राखणदार, चाळेगत, महापुरुष, वेताळ ही मंडळी एकाच खात्यातली म्हणावीत अशी, पण प्रत्येकाचं काम, हद्द आणि मान वेगळा. वर्षाकाठी त्यांना काय द्यायचं तेही ठरलेलं असतं. कुठे नारळ, कुठे केळी, कुठे रोट, कुठे विडी. गाऱ्हाणं घालताना त्यांना साद घातली जाते आणि जमलेली मंडळी ‘होय म्हाराजा’ म्हणतात. पारंपरिक वर्णनात देवचाराच्या खांद्यावर घोंगडी असते, हातात काठी, काठीला घुंगूर, कधी चूड. रात्री उशिरा एकट्या माणसाला तो घरापर्यंत सोबत करतो, आणि हद्द संपली की थांबतो. या हद्दीत सगळं आलं. रानातला प्राणी शीव ओळखत नाही. देवचार ओळखतो, किंबहुना तो असतोच शिवेपुरता.

वेंगुर्ले तालुक्यातल्या आरवलीच्या वेतोबाला केळ्यांचे घड आणि कातडी वहाणा वाहतात, हे या जिल्ह्यात कुणाला नव्याने सांगायला नको. वहाणा भल्यामोठ्या मापाच्या, मुद्दाम करून घेतलेल्या. देव रात्री गावाची फेरी मारतो, म्हणून त्या झिजतात, अशी श्रद्धा. आता बघा, ज्याला खरोखर मोठ्या पावलाचा म्हणावं असा देव आपल्याकडे आहे, आणि त्याचा भक्त मातीत ठसा शोधत बसत नाही. तो वहाणेचा तळ बघतो. शिवाय वेतोबा वहाणा घालून फिरतो, त्यामुळे पाच बोटं उमटलेला अनवाणी ठसा त्याचा म्हणणं हे परंपरेच्याच हिशेबात बसत नाही. श्रद्धा असो वा नसो, बातमीदाराने निदान हिशेब नीट मांडावा.

कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्यावर हे आधीच होऊन गेलं आहे. ‘सास्क्वॉच’ हा शब्द तिथल्या मूळ रहिवाशांच्या हल्कोमेलेम भाषेतल्या ‘सास्केट्स’वरून आला. त्या लोकांच्या लेखी तो भूमीचा राखणदार. १९२० च्या दशकात जे. डब्ल्यू. बर्न्स या शिक्षकाने त्याबद्दल लेख लिहिले, आणि पुढच्या तीस-चाळीस वर्षांत राखणदार बाजूला पडून तंबू, बंदुका आणि कॅमेरे घेऊन शोधायचा वानर उरला. आपल्या गावच्या शिवेवर ती पाळी येऊ नये.

अशा गोष्टी कुणाला नोंदवायच्याच असतील तर पद्धत सोपी आहे, फक्त घाई करून चालत नाही. सांगणाऱ्याचा शब्द जसाच्या तसा लिहावा. ‘आडवो गेलो’ म्हणाला तर ‘आडवो गेलो’च, त्याचं ‘दिसला’ करू नये, कारण दोन्हींत फरक आहे आणि सांगणाऱ्याला तो ठाऊक असतो. स्वतः अनुभवलं, घरात ऐकलं की गावात बोललं जातं, हे वेगळं टिपावं. जागेचं स्थानिक नाव, शीव कुठून कुठवर, तिथे काय करायचं नाही (शीळ घालू नये, नावाने हाक मारू नये वगैरे), काय द्यायचं आणि कुणाच्या हातून, एवढं मिळालं की नोंद कामाची होते. ‘माणसासारखा होता का?’, ‘अंगावर केस होते का?’ असे प्रश्न विचारू नयेत. समोरचा माणूस भिडस्त असेल तर होय म्हणून मोकळा होतो, आणि मग ते केस कायमचे चिकटतात. मोबाइलवरची चित्रं दाखवून ‘असा होता का’ विचारणं तर त्याहून वाईट. गिऱ्हा, खवीस, चकवा, मुंजा या भुताखेतांची सरमिसळही करू नये. गिऱ्हा पाण्याकाठचा. चकवा तर कुणाला दिसतच नाही, त्यात माणूस वाट चुकून फिरत राहतो. ढगाळ आभाळाखाली अनोळखी जंगलात माणूस सरळ चालतो आहे असं समजून वर्तुळात फिरतो, हे २००९ साली जर्मन संशोधकांनी माणसं चालवून दाखवलं. कोकणाला ते आधीपासून माहीत होतं, नाव तेवढं वेगळं.

आता ठशाकडे येऊ. आमच्या मते मोठी गल्लत इथेच होते.

सावंतवाडी-दोडामार्गाच्या घाटउतारावर, आंबोली-तिळारीच्या रानात अस्वल आहे. त्याच्या मागच्या पावलाचा तळवा लांबट असतो, टाच उमटते, बोटं पाच. अर्धवट बघणाऱ्याला अनवाणी माणूस गेल्यासारखं वाटतं. पण माणसाचं सगळ्यात मोठं बोट, म्हणजे अंगठा, पावलाच्या आतल्या कडेला असतो. अस्वलाचं आतलं बोट सगळ्यात लहान. त्यामुळे अस्वलाचा डावा ठसा माणसाच्या उजव्यासारखा भासतो. सलग ठशांत डावे-उजवे उलटे पडल्यासारखे वाटले की समजावं. आपल्याकडच्या अस्वलाची बोटं जवळजवळ एका सरळ रेषेत, दाटीवाटीने असतात, ओळीने मांडलेल्या काजूबियांसारखी. माणसाची बोटं उतरत्या कमानीत. माणसाच्या पावलाला आतून खोलगट कमान असते आणि ओल्या मातीत तिथे माती उंच राहते. अस्वलाचा तळवा सपाट दाबतो. पुढच्या पायाची नखं लांब असतात, वारुळं उकरायची असल्यामुळे. त्यांचे टोचे बोटांपासून बरेच पुढे पडतात. मागच्या पायाची नखं आखूड, ती बरेचदा उमटतच नाहीत.

घोळ होतो तो एकावर एक पडणाऱ्या ठशांनी. अस्वल चालताना मागचं पाऊल पुष्कळदा पुढच्या पावलाच्या ठशावर, थोडं मागेपुढे टाकतं. दोन ठसे मिळून एक लांबलचक पाऊल तयार होतं, आणि पुढच्या पायाच्या नखांचे टोचे त्यात गाडले जातात. ते पाऊल कुठल्याही अस्वलाच्या पावलाहून मोठं दिसतं आणि माणसासारखंही. त्यावर उपाय एकच. सापडलेल्यातला सगळ्यात मोठा ठसा मोजून थांबायचं नाही, सलग दहा ठसे मोजायचे. वळणावर, चढावर किंवा प्राणी थबकला असेल तिथे पुढचं-मागचं पाऊल हमखास सुटं पडतं आणि भांडं फुटतं. १९५१ साली एरिक शिप्टन याने मेनलुंग हिमनदीवर बर्फकुऱ्हाड बाजूला ठेवून काढलेला ठशाचा फोटो जगभर गाजला. फोटोत माप होतं हे चांगलंच. पण सत्तर वर्षं वाद चालला तो त्या एकाच ठशावर.

लांबीवरून उंचीचा अंदाज घ्यायचा साधा आडाखा आहे. माणसाचं पाऊल त्याच्या उंचीच्या साधारण पंधरा टक्के असतं, म्हणजे पावलाला पावणेसातने गुणायचं. २५ सेंटिमीटरचं पाऊल, साडेपाच फुटांचा माणूस. २९ एप्रिल २०१९ रोजी भारतीय लष्कराच्या अधिकृत खात्यावरून मकालू तळाजवळ ९ एप्रिलला दिसलेल्या ३२ इंच बाय १५ इंच ठशांचे फोटो प्रसिद्ध झाले आणि ‘यती’ असं म्हटलं गेलं. आडाखा लावा: ३२ इंचांना सतरा-अठरा फुटांचा प्राणी हवा. एवढी उंची निघाली की प्राण्याआधी ठशावर शंका घ्यावी. बर्फात ऊन लागून कडा वितळतात आणि ठसा पसरतो. आपल्याकडे बर्फाचं काम चिखल करतो.

कुणग्यातला ओला चिखल पाऊल काढून घेताना ओढला जातो, कडा ढासळतात, ठसा मूळ पावलाहून मोठा होतो. उतारावर पाऊल घसरलं की लांबी वाढते. म्हणून माप ठशाच्या वरच्या काठावर घेऊ नये, तळाशी, जिथे पावलाचा सपाट दाब दिसतो तिथे घ्यावं. दोन्ही मापं लिहिली तर उत्तम. दोहोंत तीन-चार सेंटिमीटरचा फरक सहज निघतो, आणि ‘महाकाय’ सगळा त्या फरकात असतो. जांभ्याच्या सड्यावर, म्हणजे उघड्या कातळाच्या पठारावर, ठसा उमटतच नाही, खळग्यात साठलेल्या मातीत अर्धामुर्धा मिळतो. अर्ध्या ठशावरून लांबी काढू नये. पुळणीवर, म्हणजे समुद्रकाठी, कोरड्या वाळूत नुसता खड्डा पडतो. ओल्या वाळूत ठसा सुरेख उमटतो, पण दोन भरत्यांत साडेबारा तासांच्या आतबाहेरचं अंतर असल्याने भरतीच्या रेषेखालचा ठसा काही तासांचा पाहुणा असतो. कुर्ल्यांनी बिळातून काढलेल्या वाळूच्या गोळ्या ठशात पडलेल्या असतील तर ठसा त्या गोळ्यांआधीचा, गोळ्या दबल्या असतील तर नंतरचा. नोव्हेंबर ते मार्च पहाटे पुळणीवर समुद्रातून वर आलेला आणि परत गेलेला रुंद पट्टा दिसला, जणू कुणी जड काही ओढत नेलं, तर ते अंडी घालायला आलेलं कासव. त्याची बातमी वेगळी द्यावी, तीही चांगली बातमी आहे.

दोडामार्ग भागात २००२ च्या सुमारापासून कर्नाटकातून हत्ती येतात. त्यांच्या पुढच्या पायाच्या ठशाचा घेर मोजून दुप्पट केला की खांद्यापर्यंतची उंची मिळते. पावसाने अर्धा बुजलेला हत्तीचा ठसा ‘राक्षसी टाच’ म्हणून खपतो. वानराचा ठसा मात्र ओळखायला सोपा, अंगठा बाजूला काढलेला असतो, हाताच्या ठशासारखा.

खोटा ठसा कसा ओळखायचा? लाकडाचं किंवा रबराचं पाऊल दाबलं की सगळे ठसे एकसारखे येतात, बोटं कुठेच हलत नाहीत. जिवंत पाऊल आधी टाच टेकतं, मग भार पुढे सरकवतं, शेवटी बोटांनी माती मागे ढकलतं. बोटांमागे मातीची छोटीशी वळी उठते आणि दर ठशात ती निराळी असते. शेजारी आपण स्वतः अनवाणी चालून बघावं. साठ-पासष्ट किलोच्या माणसाचं पाऊल दोन सेंटिमीटर रुतलं आणि ‘महाकाय’ प्राण्याचंही दोनच, तर तो महाकाय उपाशी असला पाहिजे.

साचा घ्यायचा तर असा. आधी फोटो. कॅमेरा ठशाच्या बरोबर वर, सरळ खाली धरलेला. तिरक्या फोटोत लांबी खोटी येते. मोजपट्टी ठशाच्या कडेला, पण तळाच्या पातळीवर. पट्टी नसेल तर दहा रुपयांचं नाणं चालतं, त्याचा व्यास २७ मिलिमीटर. चप्पल, काडेपेटी, कोयता नको. ऊन तिरपं असताना, म्हणजे सकाळी नऊच्या आत किंवा दुपारी चारनंतर, कडा ठळक येतात; भर दुपारी ठसा सपाट दिसतो. रात्र असेल तर बॅटरी जमिनीलगत धरावी. सुटी पानं, काटक्या चिमट्याने काढाव्यात, पण पावलाखाली दबलेलं पान तसंच ठेवावं, तोही पुरावा आहे.

मग ठशाभोवती दोन इंच उंचीची पुठ्ठ्याची किंवा पातळ पत्र्याची पट्टी गोल लावायची, आतून खोबरेल तेलाचा हात फिरवून. ३० सेंटिमीटर लांब, तीनेक सेंटिमीटर खोल ठशाला दीड किलो प्लास्टर ऑफ पॅरिस आणि साधारण ९०० मिलिलिटर पाणी लागतं. पाण्यात प्लास्टर घालायचं, प्लास्टरवर पाणी ओतायचं नाही, नाहीतर गाठी होतात. हलक्या हाताने ढवळायचं, फेस आला की बोटांच्या जागी बुडबुड्यांची भोकं पडतात. दाटपणा आंबोळीच्या पिठाइतका. घावनाच्या पिठाइतकं पातळ झालं तर साचा ठिसूळ होतो, भाकरीच्या पिठाकडे गेलं तर नखांच्या टोच्यांत उतरत नाही. ओतताना थेट बोटांवर धार सोडू नये. कडेला चमचा धरून त्यावरून आत जाऊ द्यावं. निम्मं भरल्यावर हिराच्या चार-सहा काड्या आडव्यातिडव्या ठेवाव्यात, म्हणजे उचलताना मध्ये मोडत नाही. मग उरलेलं ओतायचं. धरायला अर्धा तास, कोकणच्या दमटपणात पुरता तास थांबलेलं बरं. हाताला आधी गरम लागतं, ते निवलं की सभोवारची माती सुरीने मोकळी करून मातीसकट उचलायचं. माती लगेच खरवडू नये, दोन दिवस सावलीत सुकवून मग मऊ ब्रशने काढावी.

बिघडतं ते बहुधा दोन कारणांनी. एक म्हणजे समुद्राचं पाणी. खाऱ्या पाण्यात प्लास्टर झटकन धरतं, ओतून होईपर्यंतही सवड देत नाही, म्हणून पुळणीवर जाताना गोडं पाणी सोबत न्यावं. दुसरं म्हणजे जुनं प्लास्टर. पावसाळ्यात उघडी राहिलेली पिशवी हवेतलं पाणी पिते, त्यात गोळे होतात आणि ते नीट धरत नाही. मूठभर प्लास्टर वाटीत कालवून आधी घरी बघावं. साच्याच्या पाठीवर प्लास्टर ओलं असतानाच तारीख, वेळ, जागा, उत्तर दिशेचा बाण आणि सलग रांगेतला ठशाचा क्रमांक काडीने कोरावा. न कोरलेला साचा म्हणजे शोभेची वस्तू.

पाहिल्याच्या सांगण्यांतही तपासता येण्यासारखं पुष्कळ असतं. ‘डोळे लाल चमकले’ हे जवळजवळ प्रत्येक सांगण्यात येतं. बॅटरीच्या उजेडात चमकणाऱ्या डोळ्यांत मागे प्रकाश परतवणारा थर असतो. बिबट्याला तो आहे, अस्वलाला आहे, गव्याला आहे. माणूस, वानर, माकड यांना नाही, कपींनाही (गोरिला, चिंपांझीसारख्या बिनशेपटीच्या वानरांनाही) नाही. म्हणजे डोळे चमकले हे खरं असेल तर तो वानरसदृश प्राणी नव्हता, एवढं त्या एका वाक्यातून निघतं. डोळे आठ-नऊ फुटांवर होते म्हणत असतील तर तिथे गडगा (दगडी कुंपण), खांब किंवा फांदी आहे का ते बघावं. घुबड तिथेच बसतं. रस्त्यावर बसलेल्या रातवा पक्ष्याचे डोळे गाडीच्या दिव्यात निखाऱ्यासारखे दिसतात.

उंचीसाठी सांगणाऱ्याला परत त्याच जागी, शक्यतो तशाच उजेडात उभं करावं. दुसऱ्याने फुटाफुटावर खुणा केलेली बांबूची काठी घेऊन त्या ठिकाणी उभं राहावं आणि ‘इथवर होता’ म्हणेपर्यंत हात वर सरकवावा. आठ फूट सांगणारा माणूस पुष्कळदा साडेपाचवर थांबतो. मागच्या दोन पायांवर उभं राहून वास घेणारं अस्वल साधारण तेवढंच भरतं. झिपरे काळे केस, फिकट मुस्कट, छातीवर पांढुरकी खूण, ही सगळी त्याची ओळख. वारुळातली वाळवी ओढून घेताना ते फुरफुर, घरघर असा आवाज करतं, तो रात्रीच्या शांततेत चांगला लांबवर जातो. एप्रिल-मेमध्ये काजूचे बोंडू आणि फणस पिकले की ते बागायतीच्या कडेला येतं. त्याच सुमाराला सांगण्याही वाढाव्यात यात नवल नाही.

केसांबद्दल थोडं. कुंपणाला ‘लांब काळे केस’ अडकलेले सापडले तर कोकणात आधी झाडाकडे बघावं. भेरली माडाचे काळे, राठ तंतू आणि जुन्या सुंभाचे तुकडे हुबेहूब केसासारखे दिसतात. एकच तंतू जाळून बघा: केस आक्रसतो आणि जळक्या पिसासारखा वास येतो, झाडाचा तंतू कागदासारखा जळतो. खरे केस निघाले तर हात न लावता वनखात्याला कळवावं. अस्वल, बिबट्या हे वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीतले. त्यांचे केस, नखं घरी ठेवणं गुन्हा ठरतो. खात्याच्या लोकांनी ते चिमट्याने कागदी पाकिटात घ्यावेत. प्लास्टिकच्या पिशवीत आपल्या हवेत दोन दिवसांत बुरशी धरते. केसाचं मूळ शाबूत असेल तर तपासणीला जास्त काही मिळतं. मेघालयातल्या गारो टेकड्यांत ‘मांदे बुरुंग’ नावाच्या वनमानवाचे म्हणून २००८ मध्ये तपासायला गेलेले केस गोरल या हिमालयी डोंगरी प्राण्याचे निघाले. २०१७ मध्ये संग्रहालयं आणि मठांतून गोळा केलेल्या नऊ ‘यती’ नमुन्यांची जनुकीय तपासणी झाली, तेव्हा आठ अस्वलांचे होते आणि एक कुत्र्याचा. भारतात कपी म्हणावा असा एकच गट आहे, ईशान्येतले हूलॉक गिबन. ते झाडावरचे आणि अंगाने लहान.

आता संपादक म्हणून आपल्याकडे एक मागणं. ‘मानवसदृश प्राणी’ असा मथळा पडला की संध्याकाळी शेदोनशे माणसं टॉर्च, काठ्या, कुत्री घेऊन रानात शिरतात. तिथे खरोखर अस्वल असेल तर जवळून बिचकलेलं अस्वल पळत नाही, अंगावर येतं, आणि चेहऱ्याला धरतं. पिल्लं पाठीवर असलेली मादी तर हमखास. दिल्लीत २००१ च्या मे महिन्यात ‘काळ्या माकडा’च्या अफवेने गच्चीवर झोपलेली माणसं घाबरून पळताना खाली पडली आणि जिवाला मुकली, माकड काही सापडलं नाही. म्हणून अशी बातमी देताना वनखात्याचा १९२६ हा टोल फ्री क्रमांक बातमीच्या सुरुवातीलाच, ठळक छापावा. ठशावर उपडी टोपली किंवा घमेलं ठेवून वर दगड ठेवायला सांगावं, म्हणजे खात्याचा माणूस येईपर्यंत तो पावसाने आणि पायांनी जात नाही. मोजपट्टी नसलेला फोटो छापू नये. फोटोखाली तळाची लांबी-रुंदी, सलग किती ठसे मोजले, दोन पावलांतलं अंतर आणि माती कसली, एवढ्या चार गोष्टी याव्यात. आणि देवचाराचं नाव घ्यायचं असेल तर कुठल्या शिवेचा ते लिहावं, नसता घेऊ नये.

पत्र लांबलं आहे याची कल्पना आहे. जागेअभावी कापावं लागलं तर कॅलिफोर्निया आणि हिमालय कापा. अस्वलाच्या बोटांचा आणि आंबोळीच्या पिठाचा मजकूर तेवढा राहू द्या.

कळावे,
वन्यप्राण्यांचे ठसे आणि गावरहाटीतल्या गोष्टी नोंदवणारे काही वाचक,
सिंधुदुर्ग